रक्तनमुन्यांचे हिमीकरण व वितळण

रक्तातून वेगळे काढलेले सिरम (रक्त साखळल्यावर उरणारा द्रव) किंवा प्लाझ्मा (न साखळलेल्या रक्तातील पेशींविना द्रव) तपासणी होईपर्यंत शून्य अंशाखाली गोठवून ठेवणे आणि तपासणीच्या वेळी ते पुन्हा वितळवणे, या प्रक्रियेला रक्तनमुन्याचे हिमीकरण व वितळण म्हणतात. नमुना घेण्याचे ठिकाण आणि तपासणीचे ठिकाण यांत अंतर असते तेथे ही प्रक्रिया अनेकदा टाळता येत नाही. कर्नाटकाच्या सीमाभागात, विशेषतः बेळगाव जिल्ह्यात, खानापूर, निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी येथील दवाखान्यांत आणि कलेक्शन सेंटरांत काढलेले रक्त बरेचदा बेळगाव शहरात, तर काही विशेष तपासण्यांसाठी तेथूनही पुढे पुणे, मुंबई किंवा बंगळूरला जाते. गोठवले की नमुना आहे तसाच राहतो असा समज आहे. प्रत्यक्षात काही घटक महिनोन्‌महिने टिकतात, काही हळूहळू नाश पावतात आणि काही पहिल्याच गोठण्यात कायमचे बदलतात. म्हणून कोणती तपासणी करायची हे ठरल्याशिवाय नमुना गोठवून ठेवण्याची सूचना अपुरी असते.

सर्वांत मोठी हानी पेशींसकट गोठलेल्या रक्ताची होते. प्रथम पेशींबाहेरच्या पाण्याचे स्फटिक बनतात, उरलेल्या द्रवात क्षार दाटत जातात आणि पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते; गोठणे वेगाने झाले तर पेशीच्या आतही बर्फ धरतो. दोन्ही प्रकारे तांबड्या पेशींचे आवरण फाटते आणि वितळल्यावर हिमोग्लोबिनसह आतले सारे द्रव्य बाहेर येते. दुर्मीळ रक्तगटाचे रक्त गोठवताना रक्तपेढीत ग्लिसरॉल मिसळून पेशींचे रक्षण करतात. तपासणीच्या नळीत तसे काही नसते. तांबड्या पेशींत पोटॅशियम प्लाझ्माच्या सुमारे २५ पट आणि एलडीएच हे एन्झाइम शंभराहून अधिक पट असते, त्यामुळे अशा नमुन्यात या दोन्हींचे आकडे खोटेच फुगतात. एएसटी हे एन्झाइम आणि फॉस्फेटही वाढलेले दिसतात. पेशींची आणि प्लेटलेटची मोजणी तर होऊच शकत नाही, म्हणून सीबीसीची, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची, जांभळ्या टोपणाची नळी कधीही गोठवायची नसते.

असे रक्त मुद्दाम कोणी गोठवत नाही, ते वाटेत गोठते. प्लाझ्माचा गोठणबिंदू उणे ०.५° से. च्या आसपास आहे, आणि फ्रीजरमधून नुकताच काढलेला जेल पॅक त्याहून कितीतरी थंड असतो. थर्मोकोलच्या डब्यात नळी अशा पॅकला टेकून राहिली आणि तो डबा तास-दोन तास बसने आला, तर बाहेर ऊन असतानाही टेकलेल्या बाजूचे रक्त गोठू शकते. पॅक थोडा वेळ बाहेर ठेवून मगच डब्यात घालणे आणि नळीभोवती जाड कागद किंवा कापड गुंडाळणे, एवढ्याने हे टळते.

फ्रीजचा साधा कप्पाही निर्धोक नाही. २° ते ८° से. ला रक्त गोठत नाही, पण तांबड्या पेशींतील सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपते. पेशी फुटलेल्या नसल्यामुळे सिरम स्वच्छ पिवळे दिसते, आणि म्हणूनच ही चूक सर्वांत फसवी आहे. अथणीतील मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाचा नमुना सिरम वेगळे न करता रात्रभर असा राहिला, तर ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर या नेहमीच्या मर्यादेतले पोटॅशियम ६ च्या पुढे गेलेले दिसू शकते आणि त्या रिपोर्टवरून घरचे लोक त्याला शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या बेळगावला विनाकारण धावतपळत नेतात. नमुना खोलीच्या तापमानाला तसाच ठेवावा, तर पेशी ग्लुकोज वापरत राहतात आणि साखर दर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घटते. दोन्हींवर मुख्य उपाय एकच : रक्त काढल्यापासून दोन तासांच्या आत, ते नीट साखळल्यावर, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सिरम वेगळे करणे. नेहमीच्या तपासण्यांपुरते पाहिले, तर तालुक्याच्या ठिकाणी डीप फ्रीजर नसला तरी निभावते. सेंट्रिफ्यूज नसेल तर निभावत नाही. खर्चाचा क्रम लावताना हे ध्यानात घेतले जावे.

वेगळे केलेले सिरम गोठवणे ही निराळी गोष्ट आहे. युरिया, क्रिएटिनिन, सोडियम, कोलेस्टेरॉल हे घटक दोन-तीनदा गोठवून वितळवले तरी फारसे हलत नाहीत, आणि आयजीजी प्रतिपिंडेही चिवट असतात. एन्झाइमांचे तसे नाही. एएलटी उणे २०° से. ला ठेवल्यास क्रियाशीलता गमावते, आणि एलडीएचचे यकृतातून येणारे प्रकार थंडीनेच निकामी होतात. उणे २०° हे तापमान पुरेसे वाटते, पण मीठ आणि पाणी यांचे मिश्रण पूर्ण गोठायला उणे २१.१° से. लागते, त्यामुळे साध्या फ्रीजरमधील सिरममध्ये दाट खारट द्रवाचे सूक्ष्म कोष शिल्लक राहतात आणि त्यांत प्रथिनांची झीज मंदपणे चालू असते. दीर्घ साठवणीसाठी उणे ७०° ते ८०° से. चे फ्रीजर लागतात. आपोआप बर्फ काढणारा फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर नमुन्यांसाठी वापरूच नये, कारण तो ठरावीक काळाने आतून तापतो. पावसाळ्यात खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात, वीज तासन्‌तास गेली की साध्या फ्रीजरमध्येही नमुने वितळतात आणि वीज आल्यावर पुन्हा गोठतात, म्हणजे पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवले, तर नाणे बर्फात रुतलेले पाहून मधले वितळणे ओळखता येते.

वितळताना द्रव एकजीव राहत नाही : दाट भाग तळाशी आणि पाणीदार भाग वर असे थर होतात. नळी हलक्या हाताने अनेकदा उलटसुलट न करता वरचे सिरम घेतले तर जवळपास सर्वच आकडे कमी येतात. रक्त साखळण्याच्या तपासण्यांत, म्हणजे पीटी आणि एपीटीटीमध्ये, वितळण्याचा वेगही महत्त्वाचा असतो. प्लाझ्मा फ्रीजमध्ये सावकाश वितळला तर फायब्रिनोजेन आणि आठवा घटक या रक्त साखळवणाऱ्या प्रथिनांचा साका बनतो. रक्तपेढ्या क्रायोप्रेसिपिटेट (या साक्याचेच रक्तोत्पादन) याच गुणधर्मावर तयार करतात, पण तपासणीत तोच साका निकाल बिघडवतो. म्हणून असा प्लाझ्मा ३७° से. च्या पाण्यात सुमारे पाच मिनिटांत वितळवतात. गोठवण्यापूर्वी तो दोनदा फिरवून प्लेटलेट काढून टाकाव्या लागतात, नाहीतर त्या फुटून त्यांतील फॉस्फोलिपिड (पेशीच्या आवरणातील स्निग्ध द्रव्य) तपासणीत लुडबुड करतात.

विषाणूंच्या तपासण्यांना या भागात वेगळे महत्त्व आहे. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१६ साली शेजारच्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला, आणि पश्चिम घाटाच्या जंगलाला लागून असलेल्या खानापूरच्या गावांनाही त्याचा धोका आहे. तापाच्या पहिल्या दिवसांत तो पीसीआरने, म्हणजे रक्तातील विषाणूच्या आरएनएवरून (आनुवंशिक द्रव्यावरून) ओळखतात, आणि हे आरएनए वारंवार गोठवण्या-वितळवण्याने तुटत जाते. नमुना लवकर पोहोचणार असेल तर सिरम २° ते ८° से. ला न गोठवता पाठवणे इष्ट असते. उशीर होणार असेल तर ते एकदाच, उणे ७०° से. ला गोठवून, उणे ७८.५° से. तापमानाच्या कोरड्या बर्फात पाठवतात. गोठवण्याआधीच ते दोन-तीन लहान नळ्यांत वाटून ठेवतात, म्हणजे पीसीआरसाठी एक नळी वितळवली तरी प्रतिपिंडांच्या तपासणीची दुसरी नळी गोठलेलीच शिल्लक राहते.