पूर्वजाच्या अज्ञात मायबापांचा शोध

वंशशोधनातला एक वेगळा आणि कठीण प्रकार. पूर्वजाचं लग्न, जमीन, मृत्यू असं सगळं कागदावर सापडतं पण त्याचे आईबाप कोण हे थेट सांगणारा कागदच नसतो, अशा वेळी आडून मिळणारे पुरावे जमवून, एकमेकांशी ताडून नातं ठरवायचं असतं. घराण्याची वंशावळ मांडणं हे वेगळं काम आहे, त्यात नावं आधीच माहीत असतात.

पद्धत नेमकी कधी सुरू झाली यावर एकमत नाही. राजघराण्यांच्या वंशावळी तपासणारे लोक युरोपात फार आधीपासून होते, पण आजच्या अर्थानं पुरावा-पद्धत साधारण १९२०-३० च्या दशकांत अमेरिकेत डोनाल्ड लाइन्स जेकबस आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी घडवली, हे मत जास्त पटण्यासारखं आहे. बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जिनिऑलॉजिस्ट्स ही वंशसंशोधकांना प्रमाणपत्र देणारी अमेरिकी संस्था १९६४ ची. तिच्या मानकाचा गाभा असा की शोध पुरेसा सर्वदूर हवा, प्रत्येक गोष्ट कुठून घेतली ते लिहिलेलं हवं, पुरावे नुसते गोळा न करता तपासून जुळवलेले हवेत, विरोधात जाणारा पुरावा दडपायचा नाही तर सोडवायचा, आणि शेवटी निष्कर्ष कारणांसकट लिहून काढायचा. एलिझाबेथ शोन मिल्स यांनी याला आणखी एक वळण लावलं, की माणूस एकटा शोधायचा नाही, त्याचे नातेवाईक, सोबती आणि शेजारीही शोधायचे. लग्नाला जामीन कोण, खरेदीखतावर साक्षीदार कोण, गाव सोडताना सोबत कोण होतं, या नावांत बाप किंवा मामा अनेकदा लपलेला असतो.

सगळ्यात जास्त चर्चा झालेलं उदाहरण अब्राहम लिंकनच्या आईचं, नॅन्सी हँक्सचं. १२ जून १८०६ ला केंटकीत तिचं थॉमस लिंकनशी लग्न झालं आणि ५ ऑक्टोबर १८१८ ला इंडियानात ती वारली, एवढं पक्कं. जन्म १७८४ च्या आसपास धरतात. लिंकनचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन यानं लिहून ठेवलं की आपली आई ल्यूसी हँक्सची विवाहाबाहेर झालेली मुलगी आणि तिचा बाप व्हर्जिनियाचा कोणी जमीनदार, असं लिंकननं स्वतः त्याला १८५० च्या सुमारास सांगितलं होतं. हे अनेकांना सहन झालं नाही. १८९९ मध्ये कॅरोलाइन हँक्स हिचकॉक यांनी जोसेफ हँक्सचं १७९३ चं मृत्युपत्र पुढे आणलं, त्यात 'नॅन्सी' नावाच्या मुलीला एक कालवड दिलेली होती, म्हणजे लिंकनची आई जोसेफचीच औरस मुलगी, असा दावा. नाव तेच, आडनाव तेच, मग आणखी काय पाहिजे असं वाटणं साहजिक होतं. पण ती नॅन्सी दुसरीच होती, ती लिंकनच्या आईची मावशी, डेनिस हँक्सची आई, जिचं पुढे लेव्ही हॉलशी लग्न झालं. विल्यम बार्टन यांनी १९२९ मध्ये हे कागदांवरून मांडलं. लुई वॉरन यांचा पक्ष वेगळा होता, ल्यूसी ही शिपली घराण्यातली आणि जेम्स हँक्सची विधवा, म्हणजे नॅन्सी औरसच. हा वाद बरीच वर्षं चालला.

२०१५ मध्ये मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा अभ्यास जाहीर झाला. हा डीएनए फक्त आईकडून मुलांना मिळतो, म्हणून लेकीच्या लेकीच्या लेकी अशा अखंड ओळीतले आजचे वंशज शोधून तपासले. ल्यूसीला पुढे हेन्री स्पॅरोशी झालेल्या लग्नातून ज्या मुली झाल्या त्यांची ओळ आणि जोसेफची बायको ॲन हिच्या इतर मुलींची ओळ जुळली, दोन्हींत या डीएनएचा एक्स१सी हा फार दुर्मिळ गट निघाला. शिपली ओळ जुळली नाही. म्हणजे ल्यूसी ही ॲनची मुलगी. पण इथे एक गोष्ट बातम्यांत हरवून जाते. नॅन्सी ल्यूसीची मुलगी की ल्यूसीची बहीण, हे या टेस्टनं कळूच शकत नाही, दोन्हीकडे डीएनए तोच असणार. शिवाय नॅन्सीच्या मुलीला मूल राहिलं नाही आणि लिंकनचा शेवटचा वंशज १९८५ मध्ये वारला, म्हणजे थेट नॅन्सीची ओळ तपासायला कोणी उरलेलं नाही. ती ल्यूसीचीच हे कागदांनी आणि हर्नडनच्या आठवणीनं ठरतं, डीएनएनं फक्त समोरचा शिपली पर्याय बाद केला. नॅन्सीचा बाप आजही अज्ञात आहे.

महाराष्ट्रात बाईचे आईबाप शोधणं असंच अडतं. जुन्या कागदांत पुरुष 'अमुक बिन तमुक' असा येतो, त्यामुळे बाप लगेच मिळतो. बाई मात्र 'कोम' किंवा 'भ्रतार' लावून नवऱ्याच्या नावावर येते, माहेर पुसलं जातं आणि लग्नात नावही बदललेलं असतं. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत असल्यानं एकाच गावात एकाच नावाचे दोघं-तिघं निघतात, तेव्हा आधी जमिनीचा गट आणि हिस्सा बघून माणसं वेगळी करायची, मग नाती जोडायची. दत्तक ही तिसरी अडचण, दत्तकानंतर सगळे कागद नव्या बापाच्या नावानं होतात. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याचे सयाजीराव झाले किंवा कागलचे यशवंतराव घाटगे १८८४ मध्ये कोल्हापूरचे शाहू झाले, तिथे जन्मदाते माहीत आहेत कारण दरबारी नोंद आहे. साध्या शेतकरी घरात दत्तकपत्र नसेल तर फेरफार आणि वारस नोंदीच बघाव्या लागतात.

इथली मुख्य साधनं म्हणजे गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यू असतात आणि जुन्या बऱ्याच नोंदी मोडी लिपीत आहेत. शाळेचं जनरल रजिस्टर. आणि त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यांतल्या वह्या मला सगळ्यात मोलाच्या वाटतात, कारण यात्रेला आलेल्या माणसानं घरच्यांची नावं स्वतः सांगितलेली असतात, मात्र ऐकून लिहिलेलं असल्यानं इतर कागदाशी ताडल्याशिवाय धरू नये. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्यावर हजारो घरांत वंशावळ जुळवायची धावपळ झाली, आणि नोंद सापडणं सोपं पण ती आपल्याच पणजोबाची हे दाखवणं अवघड, हे लोकांना प्रत्यक्ष कळलं. हा शोध बापाच्या ओळीतला होता, त्यामुळे आईकडच्या साखळ्या त्यातही मागेच राहिल्या.

घरगुती डीएनए टेस्टमध्ये नातं सेंटीमॉर्गनमध्ये, म्हणजे दोघांत सामाईक डीएनए किती याच्या मापात, मोजतात: आई-बाप आणि मूल यांत सुमारे ३४००, सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी ८६० च्या आसपास, पुढच्या पिढीच्या चुलत नात्यात साधारण २३०. जिथे मामाच्या मुलीशी लग्नं होत आली त्या घरांत आकडे फुगतात आणि नातं असतं त्यापेक्षा जवळचं दिसतं.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांसाठी चर्चची बाप्तिस्मा-रजिस्टरं आहेत, त्यांत आईबाप दोघांची नावं मिळतात. मॉरिशसला गेलेल्या मराठी गिरमिट मजुरांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत.