किनारारेषेपासून ५०० मीटर : कोकणातील हौशी ड्रोनचालकांच्या नाराजीची पार्श्वभूमी

कोकणच्या किनाऱ्यावर हौसेने ड्रोन उडवणाऱ्यांची सरकारी नियमांविषयीची नाराजी समजून घ्यायची, तर २०१८च्या नियमावलीतील एका कलमापाशी थांबावे लागते. ड्रोन किनारारेषेपासून समुद्राच्या दिशेने ५०० मीटरच्या पलीकडे नेऊ नये आणि उडवणाऱ्याचे नियंत्रण केंद्र जमिनीवर, स्थिर जागी असावे, असे ते कलम होते. देशावरच्या हौशींना त्याचे फारसे सोयरसुतक नव्हते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या हौशींसाठी मात्र साऱ्या नियमावलीत तेच कलम कळीचे ठरले, कारण येथे ड्रोन घेतलाच जातो तो खाडीचे मुख, पुळण आणि जलदुर्ग वरून पाहावेत म्हणून.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये एका जाहीर सूचनेद्वारे खासगी व्यक्ती व संस्थांच्या ड्रोनवापरावर बंदी घालण्यात आली आणि नियम होईपर्यंत ती लागू राहील, असे सांगितले गेले. नियम यायला जवळजवळ चार वर्षे लागली. दरम्यान २०१६ आणि २०१७ मध्ये मसुदे निघाले, आणि त्याच काळात ड्रोन स्वस्त होऊन लग्नाच्या छायाचित्रकारांपासून महाविद्यालयीन मुलांपर्यंत सर्वांच्या हाती पोहोचले. बंदीच्या काळातच हा छंद रुजला. ज्यांनी या काळात ड्रोन घेतला, त्यांतील बहुतेकांना आपण काही मोडतो आहोत याची कल्पनाही नव्हती.

२७ ऑगस्ट २०१८ रोजी जाहीर झालेली नियमावली १ डिसेंबरपासून लागू झाली. २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचे मायक्रो, ही वर्गवारी तेव्हापासूनची. नॅनोला ५० फुटांपर्यंत बरीच मोकळीक होती. मायक्रोला २०० फुटांची मर्यादा होती आणि उड्डाणाच्या २४ तास आधी स्थानिक पोलीस ठाण्याला कळवणे आवश्यक होते. किनाऱ्यावरच्या हौशींचा पहिला आक्षेप या २४ तासांवर होता. दुपारनंतर वारा किती उठेल, ढग फाकतील की पावसाची सर येईल, हे येथे सकाळीही खात्रीने सांगता येत नाही, मग आदल्या दिवशी कळवायचे कशाच्या भरवशावर? त्याहून मोठी अडचण ‘परवानगी नाही, तर उड्डाण नाही’ या तत्त्वाची होती. ऑनलाइन परवानगी मिळाल्याखेरीज ड्रोन जमिनीवरून उठूच नये, अशी सोय ड्रोनमध्येच असणे अपेक्षित होते. लोकांनी आधी घेतलेल्या परदेशी बनावटीच्या ड्रोनमध्ये ती सोय नव्हती, आणि घरी बसून ती घालणे शक्यही नव्हते.

आता पुन्हा त्या ५०० मीटरकडे. कलमात ‘किनारारेषा’ हा शब्द होता, पण ती रेषा भरतीची की ओहोटीची, हे सांगितले नव्हते. मुंबईत बसून वाचणाऱ्याला हा भेद किरकोळ वाटेल. किनाऱ्यावर राहणाऱ्याला मात्र किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधने घालणाऱ्या सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) अधिसूचनांमुळे भरतीरेषा ही चीज चांगलीच ठाऊक असते, कारण घराची पडवी वाढवतानाही तिचा विचार करावा लागतो. उलट, देशाची सागरी हद्द मोजताना ओहोटीची रेषा धरण्याचा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. सपाट पुळणीवर, विशेषतः अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, या दोन रेषांमध्ये बरेच अंतर पडते. सकाळी नियमात असलेले उड्डाण दुपारी, ड्रोन त्याच जागी असताना, नियमाबाहेर जाऊ शकते.

खाड्यांनी हा गुंता आणखी वाढवला. दाभोळच्या किंवा जयगडच्या खाडीत किनारारेषा मुखाशी तुटते की खाडीच्या काठाने आत वळते? आत वळत असेल, तर खाडीवरचे बहुतेक उड्डाण ५०० मीटरच्या आतच राहते. मुखाशी सरळ रेषा ओढली, तर आतले पाणी समुद्रच नव्हे आणि कलम तिथे लागूच होत नाही. दोन्ही वाचनांत हौशी सुटतो, परंतु असे कोणी लिहून दिले नव्हते आणि तोंडी विचारावे तर उत्तर देणारी जागाच नव्हती.

सर्वाधिक वाद जलदुर्गांवरून झाला. मालवणहून सिंधुदुर्ग, हर्णैहून सुवर्णदुर्ग आणि राजपुरीहून जंजिरा होडीने काही मिनिटांवर आहेत. बेट हीसुद्धा जमीनच आहे आणि तिला स्वतःची किनारारेषा आहे, त्यामुळे बेटाभोवतीचे ५०० मीटर वेगळे मोजावेत, असे एका बाजूचे म्हणणे होते. कलम मुख्य भूमीच्या किनाऱ्याविषयीच आहे, असे दुसरी बाजू म्हणत असे. माझ्या मते पहिले वाचन अधिक सरळ होते. होडीतून ड्रोन उडवण्याला मात्र कोणत्याच वाचनात जागा नव्हती, कारण चालत्या वाहनातून वा नौकेतून उड्डाणास स्वतंत्र मनाई होती.

समुद्राबाबतच्या या कठोरपणामागे कारण होते, हेही नोंदवले पाहिजे. १९९३ मध्ये स्फोटके रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरली आणि २००८ मध्ये मुंबईवरील हल्लेखोर समुद्रमार्गेच आले. किनाऱ्यावरचा पोलीस अनोळखी वस्तूकडे संशयाने पाहतो, ते या अनुभवामुळे. हौशींनीही सुरक्षेच्या गरजेला विरोध केलेला नाही. ज्या रेषेवर गुन्हा ठरायचा ती रेषा आधी आखा, एवढीच त्यांची मागणी होती.

जानेवारी २०२० मध्ये सरकारने ड्रोनधारकांना ३१ तारखेपर्यंत स्वेच्छेने माहिती देण्यास सांगितले. माहिती दिल्यावर मालकाला आणि ड्रोनला पोचक्रमांक मिळे, पण त्या क्रमांकाने उड्डाणाचा हक्क मिळत नाही, असेही सूचनेतच म्हटले होते. त्यामुळे नाव द्यायचे आणि तरी उडवता येणार नाही, मग केवळ नजरेत का यायचे, ही शंका रास्त होती. रत्नागिरी-रायगडच्या गावांत तिला आणखी एक पदर होता. येथील अनेक घरांतली माणसे आखातात नोकरीला असतात आणि ड्रोन त्यांच्या सामानातून आलेले असतात. पुढे जुन्या ड्रोनच्या नोंदणीसाठी जीएसटी भरल्याची पावती मागितली गेली, तेव्हा अशा ड्रोनचा मार्गच खुंटला.

मार्च २०२१ मध्ये आलेले नियम इतके किचकट ठरले की पाच महिन्यांतच ते मागे घ्यावे लागले. मध्यंतरी २७ जून रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनहल्ला झाला होता, त्यामुळे नवे नियम आणखी आवळले जातील अशी भीती होती. प्रत्यक्षात २५ ऑगस्ट २०२१चे ड्रोन नियम सैल निघाले. अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आले, आणि बिगरव्यावसायिक मायक्रो ड्रोनसाठी चालकाच्या परवान्याची गरज उरली नाही. हिरव्या (उड्डाणाला परवानगी न लागणाऱ्या), पिवळ्या (परवानगी लागणाऱ्या) व लाल (मनाईच्या) क्षेत्रांचा नकाशा सप्टेंबरमध्ये उपलब्ध झाला. कोकणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट व्याख्येत होती. हिरवे क्षेत्र म्हणजे जमिनीवरील तसेच प्रादेशिक समुद्रावरील, पिवळे किंवा लाल म्हणून न राखलेले, ४०० फुटांपर्यंतचे आकाश, असे तिच्यात म्हटले होते. प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांचा असतो. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवणे आवश्यक असल्याने तेवढे दूर कोणी जाणार नाही, पण ५०० मीटरच्या रेषेचा आधार संपला. हा बदल किनाऱ्यावर नीट पोहोचला नाही, आणि पुळणीवर हटकताना जुन्या अंतराचा दाखला नंतरही दिला जात राहिला.

त्यानंतरच्या अडचणी वेगळ्या आहेत. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी विमानतळ सुरू झाला आणि विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंतची बंधने भोगवे-देवबागच्या परिसराला लागू झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. सुट्या भागांना सूट राहिली, म्हणून काही जण स्वतः जोडणी करू लागले. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. संरक्षित किल्ल्यांवर चित्रणासाठी पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी आधीपासूनच लागते, ती हवाई नकाशात दिसत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये नागरी ड्रोनविषयक विधेयकाचा मसुदा आला, तेव्हा हरकती घेणाऱ्यांत हौशीही होते. २०२१च्या नियमांत कमाल शिक्षा एक लाख रुपये दंडाची होती, तर मसुद्यात काही उल्लंघनांसाठी तुरुंगवास होता. ज्यांनी तीन वर्षे एका न आखलेल्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे ड्रोन उडवला, त्यांनी या मसुद्यातली प्रत्येक व्याख्या बारकाईने वाचली. हरकतींसाठी सुमारे दोन आठवड्यांची मुदत होती.