ऑइल प्रेशर सेन्सरची जागा

मोटारीच्या इंजिनात तेलाचा दाब मोजणारा सेन्सर तेलाच्या वाटेवर जिथे बसवलेला असतो ते ठिकाण. डॅशबोर्डवरचा काटा फक्त त्या ठिकाणचा दाब सांगतो. पुण्यात नाना पेठेतून गेज (दाब दाखवणारे काट्याचे मीटर) आणून जुन्या गाडीला हौसेने लावणारे गेजच्या किमतीची घासाघीस करतात, पण सेन्सर कुठे बसणार हे क्वचितच विचारतात. खरे तर तोच पहिला प्रश्न असायला हवा.

पंप इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधले तेल जाळीतून ओढून फिल्टरमध्ये ढकलतो. तिथून ते मेन गॅलरीत (ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाहिनीत), क्रँकच्या बेअरिंगांकडे आणि शेवटी वर हेडमध्ये (इंजिनाच्या माथ्यावरच्या भागात) कॅमशाफ्टपाशी पोचते. वाटेतले घर्षण आणि बेअरिंगांच्या फटींतून निसटणारे तेल यांमुळे दाब उतरत जातो. त्यामुळे एकाच इंजिनात, एकाच क्षणी, पंपाजवळचा आकडा मोठा आणि हेडमधला लहान असतो. दोन्ही बरोबरच असतात.

फिल्टरच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला बसवलेला सेन्सर सर्वांत फसवा. फिल्टर चोंदला तरी काटा चढलेलाच दिसतो. पुढे फिल्टरला वळसा देणारा बायपास व्हॉल्व्ह उघडून तेल न गाळताच बेअरिंगांकडे जाऊ लागते, त्याचाही पत्ता लागत नाही. मेन गॅलरीतला सेन्सर बेअरिंगांना मिळणारा दाब दाखवतो, म्हणून रोजच्या गाडीला तीच जागा उत्तम. हेडमधल्या सेन्सरवर आकडा कमी दिसतो. जानेवारीच्या गार सकाळी तेल घट्ट असते, तेव्हा पंपापाशी दाब भराभर चढतो आणि हेडवरचा काटा मागाहून हलतो. कात्रजचा घाट चढून आलेली गाडी सिग्नलला थांबली की तापलेले पातळ तेल आणि आयडलिंग मिळून दाब खाली येतो. अशा वेळी हेडवरचा आकडा गॅलरीच्या मापाने वाचला, तर धडधाकट इंजिन विनाकारण खोलले जाते.

सेन्सर लांब नळीने दूर नेला तर दाब कमी दिसतो, हा समज मात्र चुकीचा आहे. नळीच्या टोकाला तेल वाहत नाही, आणि न वाहणाऱ्या तेलात घर्षणाचा तोटा नसतो. फूटभर उंचीचा फरक दाबात 0.03 बारही भरत नाही. काटा थोडा सावकाश हलतो, इतकेच. पण असा दूर नेलेला सेन्सर एका वायरचा असेल तर त्याला इंजिन ब्लॉकची अर्थिंग (विजेची परतीची वाट) मिळत नाही. ती वेगळ्या वायरने दिली नाही, तर काटा भलतेच काही दाखवतो.