प्लग-वायर (जुन्या मोटारगाड्यांतील)

डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला पाळीने ठिणगीची वीज वाटणारा भाग) असलेल्या पेट्रोल इंजिनात, बॅटरीच्या विजेचा दाब वाढवणाऱ्या इग्निशन कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरच्या कॅपपर्यंत आणि तिथून प्रत्येक स्पार्क प्लगपर्यंत उच्च दाबाची वीज नेणाऱ्या जाड आवरणाच्या वायरीला प्लग-वायर म्हणतात. गॅरेजमध्ये तिला ‘हाय टेन्शन वायर’ किंवा ‘एचटी लीड’ असेही म्हणतात. चार सिलिंडरच्या गाडीत अशा पाच वायरी असतात, तर व्ही-८ इंजिनात नऊ. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी ठिणगीच्या क्षणी या वायरींत साधारण १० ते २० हजार व्होल्टचा दाब असतो. त्यामुळे आतली तार शाबूत आहे एवढ्याने भागत नाही. बाहेरचे आवरण, दोन्ही टोकांचे जोड आणि वायर नेण्याचा मार्ग हेही तितकेच महत्त्वाचे असतात.

गाभ्याचे प्रकार

जुन्या गाड्यांत मूळ वायर ७ मिलिमीटर जाडीची, आत तांब्याच्या पिळाच्या तारा असलेली असे. तिला रोध जवळजवळ नसतो आणि ती वर्षानुवर्षे टिकते, पण प्रत्येक ठिणगीबरोबर रेडिओत खरखर येते. ती थांबवण्यासाठी अमेरिकी गाड्यांत १९५०च्या दशकापासून कार्बन मुरवलेल्या धाग्यांचा गाभा आला. त्याचा रोध दर मीटरला साधारण १० ते २० किलो-ओहम असतो. हा गाभा नाजूक असतो. वायर ओढून प्लगवरून काढण्याची सवय असेल तर तो आतल्या आत तुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तिसऱ्या प्रकारात फेराइटमिश्रित गाभ्यावर बारीक तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. रोध कमी असूनही ती रेडिओचा त्रास दाबते आणि कार्बनपेक्षा जास्त टिकते.

पॉइंट-कंडेन्सरच्या (यांत्रिक संपर्काने कॉइलची वीज तोडणाऱ्या) गाडीला तांब्याची वायर उत्तम. रेडिओ लावायचा असेल तर प्लगच्या टोकाला ५ किलो-ओहमची रोधक कॅप किंवा रोधक प्लग यांपैकी एक पुरतो. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले असेल, तर नुसती तांब्याची वायर ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या विद्युत्-गोंगाटामुळे त्याचे मॉड्यूल (कॉइलची वीज जोडणारा-तोडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) चुकीच्या वेळी चालू-बंद होते आणि गाडी मिसिंग मारते, म्हणजे मधूनमधून सिलिंडर पेटत नाही. तिथे गुंडाळलेल्या तारेचा गाभाच घ्यावा.

८ किंवा ८.५ मिलिमीटरच्या रंगीत वायरींनी पिकअप वाढतो, हा समज चुकीचा आहे. जास्तीची जाडी बहुतांशी आवरणाची असते. मूळ स्थितीतल्या इंजिनाला ७ मिलिमीटर सिलिकॉन आवरणाची वायर पुरून उरते. जाड वायर जुन्या क्लिपांत आणि कॅपच्या भोकांत बसत नाही, हा तोटा मात्र खरा.

कॅपमधला जोड

वायर निवडताना सर्वात जास्त चूक इथे होते. लुकास (ब्रिटिश कंपनी) धाटणीच्या काही जुन्या डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये वायरी बाजूने आत शिरतात आणि कॅपच्या आतून टोकदार स्क्रू पिळून पक्क्या होतात. स्क्रूचे टोक आवरण भेदून तारांच्या जुडग्यात घुसते. ही रचना फक्त तांब्याच्या वायरीसाठी आहे. कार्बनच्या गाभ्यात स्क्रूची पकड खात्रीची होत नाही. तिथे बारीक ठिणग्या पडतात, गाभा जळत मागे सरकतो आणि काही महिन्यांत एक सिलिंडर बंद पडतो. अशा कॅपसाठी वायर न सोलता टोक सरळ कापावे, भोकात थोडे सिलिकॉन ग्रीस भरावे, वायर तळापर्यंत दाबून मग स्क्रू पिळावा. मधल्या वायरीचा स्क्रू गाठायला आधी कार्बन ब्रश काढावा लागतो. कार्बन किंवा गुंडाळलेला गाभा वापरायचाच असेल, तर वरून दाबून बसणाऱ्या टर्मिनलांची कॅप घ्यावी.

दाबून बसवायच्या टर्मिनलसाठी सुमारे १२ ते १५ मिलिमीटर आवरण सोलतात, गाभा आवरणावर मागे दुमडतात आणि त्यावर टर्मिनल क्रिंप करतात (चिमटून घट्ट बसवतात). सोलताना गाभ्याला पाते लागले, तर तेवढे टोक कापून पुन्हा सुरुवात करावी.

फायरिंग ऑर्डर आणि मार्ग

हिंदुस्तान मोटर्सच्या अँबेसेडरमधील १,४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन ब्रिटिश बीएमसी कंपनीच्या बी-सिरीजचे आहे. त्याची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आहे आणि वरून पाहिल्यास रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा हात) घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. रेडिएटरकडचा सिलिंडर एक नंबरचा. त्याचा प्लग काढून भोकावर बोट ठेवावे आणि इंजिन हाताने फिरवावे. हवा बोटाला ढकलू लागली की कॉम्प्रेशनची धाव चालू आहे असे समजावे आणि पुलीवरची खूण टॉपवर (पिस्टन सर्वात वर असण्याच्या स्थितीत) आणावी. तेव्हा रोटर कॅपमधल्या ज्या टर्मिनलसमोर असेल, तिथे एक नंबरची वायर. पुढे उलट दिशेने ३, ४, २. एक्झॉस्टच्या धावेला टॉप धरला तर १ व ४ आणि २ व ३ यांची अदलाबदल होते. गाडी सुरू होत नाही आणि कार्बुरेटरमधून फटाके वाजतात. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या पद्मिनीचीही ऑर्डर १-३-४-२ च आहे, पण रोटर कुठे फिरतो ते कॅप उघडून पाहूनच वायरी लावाव्यात.

अँबेसेडरचे प्लग आणि डिस्ट्रिब्युटर एकाच बाजूला आणि मॅनिफोल्ड (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्या) पलीकडे असल्याने वायरी आखूड राहतात, तापत नाहीत. व्ही-८ इंजिनात खरी कसरत असते. १९५५ साली आलेल्या शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉक इंजिनाची ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ आहे. त्यात ५ आणि ७ हे शेजारचे सिलिंडर लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी लगटून समांतर नेल्या, तर पाचाच्या वायरीतील धक्क्याने सातच्या वायरीत वीज उपजते. त्या वेळी सातचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या अर्ध्या वाटेवर, क्रँकच्या सुमारे ९० अंश मागे असतो. तिथेच मिश्रण पेटले तर वर येणाऱ्या पिस्टनवर उलटा घाव बसतो; पिस्टन फुटूही शकतो. म्हणून या दोन वायरींमध्ये होल्डरवर दुसरी वायर घालावी किंवा त्या एकमेकींना काटकोनात ओलांडू द्याव्यात. फोर्ड ३०२ मध्ये (१-५-४-२-६-३-७-८) हीच काळजी ७ आणि ८ बाबत घ्यावी लागते. सगळ्या वायरी झिप-टायने एका जुडीत आवळणे दिसायला नेटके दिसते, पण ते टाळावे.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून निदान ३ ते ५ सेंटिमीटर अंतर हवे. जागा नसेल तर काचतंतूची बाही चढवावी. इंजिन माउंटिंगवर हलते, म्हणून वायर ताणलेली नको. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या पिकअपची (ठिणगीची वेळ ओळखणाऱ्या सेन्सरची) बारीक वायर प्लग-वायरीबरोबर कधीही समांतर नेऊ नये.

बिघाड आणि तपासणी

गाडी सपाट रस्त्यावर ठीक चालते आणि घाटात मिसिंग मारते, हे थकलेल्या वायरीचे नेहमीचे लक्षण. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात आणि वीज आवरणातून सोपी वाट शोधते. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवल्यास गळती निळसर प्रकाशात दिसते. पाण्याचा बारीक फवारा मारला तर ती अधिक स्पष्ट होते. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात सकाळी गाडी चालू न होण्यामागे बरेचदा ओलसर कॅप आणि खारट हवेने हिरवी पडलेली टर्मिनले असतात. कॅप आतून-बाहेरून कोरडी पुसावी, टर्मिनल घासावे आणि प्लगच्या रबरी बुटात आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा.

मल्टिमीटरने वायरीचा रोध मोजताना ती हळूहळू वाकवावी व पिळावी. आकडा उडत असेल तर गाभा तुटलेला आहे. प्लगवरून काढताना बूट धरून आधी थोडे फिरवावे आणि मगच ओढावे. चालत्या इंजिनात वायर उपसून सिलिंडर तपासायची जुनी पद्धत इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीवर वापरू नये, कारण विजेला वाट न मिळाल्याने कॉइल किंवा मॉड्यूल जळते. इंजिन बंद करून त्या वायरीला जादा प्लग जोडावा, त्याचे अंग जंपर वायरने इंजिनाला अर्थ करावे आणि मगच इंजिन चालू करावे.