क्ष-किरण व किरणोपचार तंत्रज्ञांची कायदेशीर पात्रता (भारत)

एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय काढणाऱ्या आणि कर्करुग्णांना किरणोपचार देणाऱ्या तंत्रज्ञांचे शिक्षण व नोंदणी कायद्याने ठरवण्याची व्यवस्था. भारतात कायद्याचे लक्ष आधी यंत्राकडे गेले. ते चालवणाऱ्या माणसाकडे फार उशिरा.

अणुऊर्जा कायदा १९६२ चा. प्रारणाच्या (रेडिएशनच्या) सुरक्षेवर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. त्याचे कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. २००४ च्या प्रारण संरक्षण नियमांनुसार किरणोपचार केंद्राला परवाना हवा असेल, तर वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ (प्रारणाची मात्रा मोजणारा व तपासणारा), प्रारण सुरक्षा अधिकारी आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमावेच लागतात. पात्रतेची अट अशी परवान्याच्या आडून आली. छातीला लावायचा टीएलडी बॅज हीसुद्धा याच शिस्तीची खूण. कर्मचाऱ्याला किती प्रारण मिळाले हे त्यावरून कळते.

मात्र मंडळाचा अधिकार आयनकारी प्रारणापुरता, म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन उडवणाऱ्या, एक्स-रेसारख्या प्रारणापुरता. एमआरआय आणि सोनोग्राफीत ते नसते, म्हणून ही यंत्रे त्याच्या कक्षेबाहेर राहिली. सोनोग्राफी यंत्राची नोंदणी १९९४ च्या कायद्याखाली होते, पण तो गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी आहे. एमआरआयच्या खोलीत लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर नेला तर चुंबक तो खेचून घेतो आणि आत झोपलेल्या रुग्णाच्या जिवावर बेतते. हे ठाऊक असलेला माणूस दाराशी हवा, असे सांगणारा केंद्रीय कायदा कित्येक वर्षे नव्हता. साध्या एक्स-रेतही रुग्णाला नीट झोपवले नाही तर फिल्म पुन्हा काढावी लागते आणि रुग्णाला विनाकारण दुसऱ्यांदा किरण बसतात. अशा कामाला ‘बटण दाबणे’ म्हणणे अन्यायाचे आहे.

ही उणीव राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ ने भरून काढायला घेतली. त्याच्या अनुसूचीत वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ, रेडिओग्राफर, किरणोपचार तंत्रज्ञ यांचा स्वतंत्र गट आहे. सहयोगी व्यावसायिकासाठी (निदान व उपचाराला तांत्रिक साहाय्य करणाऱ्यासाठी) किमान २,००० तासांचे, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी (सल्ला, देखरेख किंवा प्रत्यक्ष सेवा देणाऱ्यासाठी) किमान ३,६०० तासांचे शिक्षण ठरले. अभ्यासक्रमाचा दर्जा राखणे आणि केंद्र व राज्य नोंदवह्या ठेवणे हेही त्यात आले.

अंमलबजावणी मात्र रेंगाळली. कायदा राज्यात राबवणाऱ्या राज्य परिषदा वेळेत उभ्या राहिल्या नाहीत. वैद्यकीय तंत्रज्ञांच्या संघटनेने दाद मागितल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र व राज्यांना कायदा लागू करण्यासाठी दोन महिन्यांची मुदत घालून दिली.