पहिल्या महायुद्धातील मनुष्यहानी व आर्थिक भार

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) सुमारे ९० लाख ते १ कोटी सैनिक मृत्युमुखी पडले आणि जवळपास २ कोटी जखमी झाले. उपासमारीने, रोगराईने व सक्तीच्या स्थलांतरात बळी गेलेले लक्षावधी नागरिक यांत धरलेले नाहीत.

फ्रान्समधील सोमच्या लढाईत १ जुलै १९१६ या एकाच दिवशी ब्रिटिश सैन्यातील १९,२४० जण ठार झाले. ब्रिटिश सैनिकाच्या गळ्यात तोवर ओळखीचा एकच बिल्ला असे. मृत्यूची नोंद करण्यासाठी तो काढून नेला, की मागे उरलेला देह निनावी होई. त्याच वर्षी दोन बिल्ल्यांची पद्धत सुरू झाली, पण तोपर्यंत हजारो घरांच्या वाट्याला ‘बेपत्ता’ एवढा एकच शब्द आला होता. बेल्जियममधील मेनिन गेट स्मारकावर कबर न सापडलेल्या ५४,००० हून अधिक सैनिकांची नावे कोरलेली असून त्यांत हिंदी सैनिकही आहेत. हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसे या युद्धासाठी गेली, त्यांतील ७४,००० हून अधिक परतली नाहीत. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) तुर्कांनी कुत शहराला घातलेल्या वेढ्यात मराठा पलटणींनी महिनोन्‌महिने उपासमार सोसली आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर तुर्कांची कैद भोगली.

खर्चाचा मोठा भाग करांतून नव्हे, तर कर्जातून उभा राहिला. ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज १९१४ मधील सुमारे ६५ कोटी पौंडांवरून १९१९ पर्यंत सुमारे ७४० कोटींवर गेले. स्वतः गरीब असलेल्या हिंदुस्थानच्या तिजोरीवरही १९१७ मध्ये १० कोटी पौंडांच्या ‘देणगी’चा बोजा पडला. जर्मनीने तर पराभूत शत्रूकडून सारे वसूल करता येईल या भरवशावर कर्जरोखे विकले. प्रत्यक्षात पराभव तिच्याच पदरी आला, त्यावर युद्धखंडणी लादली गेली आणि बेसुमार नोटछपाईमुळे युद्धापूर्वी सुमारे ४.२ मार्कांना मिळणारा डॉलर नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी मार्कांवर पोहोचला. देशभक्तीपोटी रोखे घेतलेल्या सामान्य कुटुंबांची आयुष्यभराची बचत त्यात मातीमोल झाली. युद्धाच्या आर्थिक हानीतील सर्वांत क्रूर भाग हाच म्हणावा लागेल.

खंडणी फेडण्यासाठी काढलेल्या कर्जरोख्यांच्या व्याजाचा अखेरचा हप्ता जर्मनीने ऑक्टोबर २०१० मध्ये भरला, तर ब्रिटनने उरलेले युद्धरोखे २०१५ मध्ये फेडले. फ्रान्स व बेल्जियममधील शेतांत मात्र नांगराच्या फाळाला न फुटलेले तोफगोळे आजही लागतात आणि ते निकामी करण्याचे काम अद्याप संपलेले नाही.