केमो संपली तरी फाईल टाकू नका

बाविसाव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) झाला, केमो झाली, पाचेक वर्षं सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, मग नोकरी, लग्न, दोन-तीनदा घर शिफ्ट, आणि त्या गडबडीत हॉस्पिटलची ती जाडजूड फाईल रद्दीत गेली की माळ्यावर आहे, घरात कुणालाच माहीत नाही. अशी मंडळी बरीच असतात. आणि पुढच्या फॉलोअपचा सगळा खेळ नेमका त्या फाईलवरच असतो.

सुरुवातीचा फॉलोअप असतो कॅन्सर परत येतोय का ते बघायला. नंतरचा असतो उपचारांनी शरीरात काय करून ठेवलंय ते बघायला, आणि हे बऱ्याच जणांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कोलॉजी ग्रुपने यासाठी २००३ मध्ये गाइडलाइन्स काढल्या, सहावी आवृत्ती २०२३ ची आहे. लहानपणी, टीनएजमध्ये किंवा तरुणपणी कॅन्सर झालेल्यांसाठी त्या आहेत, उपचार संपून दोन वर्षं झाली की लागू. त्यात कॅन्सर कुठला होता यापेक्षा औषध कुठलं आणि किती गेलं यावर तपासण्या ठरतात.

आता हॉजकिनचंच घ्या. एबीव्हीडी नावाच्या केमोत डॉक्सोरुबिसिन असतं, ते लालभडक औषध. एका सायकलमध्ये (म्हणजे केमोच्या एका फेरीत) दोनदा, दर वेळी २५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर (उंची-वजनावरून अंगाचं क्षेत्रफळ काढतात, त्या हिशोबाने). म्हणजे सहा सायकलींचे झाले ३००. गाइडलाइनमध्ये २५० किंवा त्याहून जास्त झालं की दर दोन वर्षांनी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. चारच सायकली झाल्या असतील तर २००, मग दर पाच वर्षांनी एक पुरतो, पण त्यासोबत छातीला रेडिएशन दिलेलं असेल आणि हृदयाला १५ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) किंवा जास्त लागलं असेल तर परत दोन वर्षांवर. आता सांगा, फाईल नसेल तर हा हिशोब करणार कसा? हृदयाच्या स्नायूंच्या पेशी फारशा नव्याने तयार होत नाहीत, त्यामुळे तेव्हा झालेलं नुकसान भरून निघत नाही आणि कधीकधी वीस वर्षांनी दम लागायला लागल्यावर कळतं.

गरोदरपणात हृदयावर भार वाढतो म्हणून डॉक्सोरुबिसिन घेतलेल्या बाईचा एको तेव्हा करायलाच हवा. पण आपल्याकडे स्थळ जमवताना आजार लपवलेला असतो, गायनॅककडे शेजारी सासूबाई बसलेल्या, मग ती कसली बोलतेय! डॉक्टरला एकटीला भेटायला मागा, सरळ.

तरुणपणी छातीला रेडिएशन झालेल्या मुलींनी वर्षाला मॅमोग्राफी आणि एमआरआय करायची, वयाच्या पंचविशीपासून किंवा रेडिएशननंतर आठ वर्षांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून. मानेला असेल तर दरवर्षी थायरॉइड. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध घेतलेल्यांनी कान तपासून घ्यावेत.

मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये लहानपणी कॅन्सर झालेल्यांसाठी १९९१ पासून अशा फॉलोअपचं क्लिनिक चालतं. तुम्ही जिथे उपचार घेतले तिथे रेकॉर्ड सेक्शनला जाऊन ट्रीटमेंट समरी मागा, त्यात प्रत्येक औषधाचा एकूण डोस आणि रेडिएशन कुठे, किती ग्रे हे लिहिलेलं हवं, नुसतं 'केमो ६ सायकल' असं चालणार नाही. फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, आणि एबीव्हीडीतलं ब्लिओमायसिन फुप्फुसाला त्रास देतं, तेव्हा उद्या अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं तरी भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी तो फोटो दाखवा.